वीस पाल्यांतील एक पान

इ. स. १७८४ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोशकार सॅम्युएल जॉन्सन हा आपल्या जन्मगांवाहून, लिचफील्डहून, लंडनला परत निघाला. वय पंचाहत्तर. वाटेंत बर्मिंगहॅम येथें एडमंड हेक्टर नांवाच्या शाळासोबत्याच्या घरीं तो कांहीं दिवस राहिला. शरीर मूळचें थोराड. पण आतां अंगांत पाणी सांचलेलें, पाय सुजलेले, आणि चार पावलें टाकलीं कीं धाप लागे. रात्रीं आडवें पडावें तर श्वास कोंडे, म्हणून कित्येक रात्री खुर्चींत बसून काढाव्या लागत. जुलै महिन्यापासून तो आपल्या आजाराची रोजनिशी लॅटिन भाषेंत लिहीत होता. झोप किती लागली, श्वास कसा होता, अफू किती घेतली, आणि 'स्क्विल' नांवाच्या कांद्याची मात्रा किती घेतली, याची तींत नोंद आहे. हा समुद्रकांठचा कांदा म्हणजे आपल्या कोंकणांतील रानकांद्याचा भाऊबंद. लघवी सुटून सूज उतरावी म्हणून तो देण्याची चाल ग्रीक वैद्यांच्या काळापासूनची आहे.

लंडनला पोंचल्यावर जॉन्सन महिनाभरहि जगला नाहीं. शल्यवैद्य भीत भीत चिरा देतात, हव्या तितक्या खोल देत नाहींत, अशी त्याची तक्रार होती. १३ डिसेंबर रोजीं सकाळीं त्यानें स्वतःच हत्यार घेऊन आपल्या पायांना चिरा दिल्या, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं त्याचा अंत झाला. शवपरीक्षेंत हृदय प्रमाणाबाहेर मोठें आढळलें.

ज्या बर्मिंगहॅम शहरांत जॉन्सननें ते दिवस काढले, त्याच शहरांत त्या वेळीं विल्यम विदरिंग नांवाचा त्रेचाळीस वर्षांचा एक वैद्य राहत होता. अशाच सुजलेल्या आणि धापा टाकणाऱ्या माणसांना तो नऊ वर्षांपासून एका रानटी झुडपाचीं पानें देत होता, आणि त्यांतलीं पुष्कळ माणसें उठून हिंडूं फिरूं लागलीं होतीं. जॉन्सनच्या वैद्यांत त्याचें नांव नाहीं. त्याचें पुस्तक छापून निघालें तें जॉन्सनच्या मृत्यूनंतर, १७८५ सालीं. हा केवळ दैवाचा खेळ म्हणावा, कीं इतकीं वर्षें हातीं आलेलें औषध जगापुढें न मांडण्यांत विदरिंगचाहि कांहीं दोष होता? तीं वर्षें त्यानें कशांत घालविलीं तें पाहिल्याशिवाय याचें उत्तर देतां येणार नाहीं.

आधीं दुखण्याविषयीं थोडें. इंग्रज वैद्य त्याला 'ड्रॉप्सी' म्हणत. आपल्याकडे पोटांत पाणी झालें तर जलोदर आणि अंगावर सूज चढली तर शोथ, असे शब्द होते. परंतु हीं नांवें रोगाचीं नव्हेत, लक्षणांचीं. ताप जसा दहा रोगांत येतो, तसेंच अंगांत पाणी सांचण्याचें आहे. मूत्रपिंडें बिघडलीं तरी सूज येते, यकृत बिघडलें तरी पोट फुगतें, आणि हृदय थकलें तरी हे दोन्ही प्रकार होतात. शरीरांतील रक्त फिरतें, आणि त्याला फिरविणारें यंत्र हृदय हेंच, ही गोष्ट विल्यम हार्वे यानें १६२८ सालींच सिद्ध केली होती. तथापि सुजलेल्या पायांचा आणि हृदयाचा संबंध जोडण्याची बुद्धि वैद्यांना फार हळूहळू झाली. पाय सुजले तर पाय पाहावे, पोट फुगलें तर पोट पाहावें, हीच रीत पुष्कळ दिवस चालली.

आज ती गोष्ट अशी सांगतां येते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचें हृदय मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें. त्याचें बळ कमी झालें म्हणजे पुढें जाणारें रक्त कमी पडतें आणि मागचें तुंबतें. डाव्या बाजूस तुंबलें तर फुप्फुसांत पाणी उतरतें व धाप लागते. उजव्या बाजूस तुंबलें तर पाय सुजतात, यकृत वाढतें, पोटांत पाणी होतें. एवढ्यावरच हें थांबत नाहीं. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोंचूं लागलें कीं शरीरांत पाणीच कमी झालें आहे असा त्यांचा समज होतो, आणि तीं मीठ व पाणी राखून ठेवूं लागतात. घरांत पुराचें पाणी शिरलें असतां रांजण रिकामा दिसला म्हणून आणखी घागरी भरून आणाव्या, तसा हा प्रकार आहे. 'हार्ट फेल्युअर' हा शब्द ऐकून घरचीं माणसें घाबरतात, हृदय बंद पडलें असें त्यांना वाटतें. वस्तुतः तें चालूच असतें, फक्त त्याला ओझें पेलत नाहीं. हृदयविकाराचा झटका ही गोष्टहि निराळी. मात्र पूर्वीं येऊन गेलेला झटका, वर्षानुवर्षें चढलेला रक्तदाब आणि झिजलेल्या झडपा हीं या दुर्बलतेचीं मोठीं कारणें होत.

विदरिंगचा जन्म १७४१ सालीं श्रॉपशायर परगण्यांतील वेलिंग्टन गांवीं झाला. बाप औषधें तयार करून देण्याचा धंदा करी. मुलगा एडिंबरो येथें शिकून १७६६ सालीं वैद्य झाला. विद्यार्थिदशेंत त्याला वनस्पतिशास्त्राचा मनस्वी कंटाळा असे. पुढें स्टॅफर्ड येथें धंदा करीत असतां हेलेना कुक्स नांवाची एक तरुणी त्याच्या उपचाराखालीं आली. तिला फुलांचीं चित्रें काढण्याचा नाद होता. तिच्यासाठीं फुलें गोळा करतां करतां वैद्यबोवांचा कंटाळा कोठच्या कोठें गेला. १७७२ सालीं त्या दोघांचा विवाह झाला आणि १७७६ सालीं ब्रिटनमधील वनस्पतींवरचा त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच्या संसारांतील आवडीचा हजारों रोग्यांना एवढा उपयोग झाल्याचें उदाहरण दुसरें सहसा सांपडणार नाहीं.

१७७५ सालीं कोणी तरी एक घरगुती नुसखा त्याच्यापुढें ठेवून त्यावर मत विचारलें. श्रॉपशायरमधील एका म्हातारीनें तो पुष्कळ वर्षें गुप्त राखला होता. शिकलेल्या वैद्यांनीं हात टेंकलेले रोगी तिच्या औषधानें कधीं कधीं बरे होत, अशी त्याची ख्याति होती. औषध पोटांत गेलें कीं जोराच्या वांत्या व ढाळ होत, आणि तेंच त्याचें काम असें सर्वांना वाटे. लघवी मोकळी होते याकडे कोणाचें लक्षच गेलें नव्हतें. आपल्याकडील आजीबाईच्या बटव्याप्रमाणें या नुसख्यांतहि भरताड पुष्कळ होती. वीस किंवा त्याहून अधिक पाले त्यांत पडत. पण वनस्पतींत मुरलेल्या विदरिंगला त्यांतलें खरें काम करणारें पान ओळखावयास वेळ लागला नाहीं. तें फॉक्सग्लव्हचें होतें.

हें झुडूप इंग्लंडांत रानोमाळ उगवतें. पुरुषभर उंचीचा दांडा आणि त्याच्या एका बाजूस ओळीनें लोंबणारीं जांभळीं, आंतून ठिपक्याठिपक्यांचीं, घंटेसारखीं फुलें. इंग्रजी नांवाचा अर्थ कोल्ह्याचा हातमोजा असा होतो. जर्मन लोकांना तें फूल शिंप्याच्या अंगुस्तानासारखें वाटलें. म्हणून लिओनहार्ट फुक्स या जर्मन पंडितानें १५४२ सालीं त्याला बोटावरून 'डिजिटॅलिस' असें लॅटिन नांव दिलें. जखमांना, गांठींना लोक हें पान लावीत. तें विषारी आहे हेंहि ठाऊक होतें, आणि म्हणूनच शहाणे वैद्य त्याच्यापासून दूर राहत.

म्हणजे विदरिंगनें नवें झाड शोधलें नाहीं, आणि तें सुजेवर चालतें हेंहि प्रथम त्याला समजलें असें नाहीं. ऑक्सफर्ड येथील एका महाविद्यालयाचे मुख्य डॉ. कॉली हे इतर वैद्यांनीं आशा सोडली असतां फॉक्सग्लव्हच्या मुळीनें बरे झाले, अशी हकीकत बर्मिंगहॅमच्या डॉ. अ‍ॅश यानें त्याला सांगितली होती. विदरिंगचें काम या सर्वांच्या पुढचें आहे. किती द्यावें, कोणत्या रूपांत द्यावें, कोणास द्यावें आणि केव्हां थांबावें, हे चार प्रश्न त्यानें त्या पानाला विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत दहा वर्षें तो विचारीत राहिला.

१७७५ सालींच तो बर्मिंगहॅम येथें राहावयास आला. तेथें जागा रिकामी असल्याचें त्याला इरॅस्मस डार्विन यानें कळविलें होतें. उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनचा हा आजोबा. धंदा लवकरच भरभराटीस आला. पण रोज एक तास गरिबांना फुकट तपासण्याची रीत विदरिंगनें सोडली नाहीं. अशा गरीब रोग्यांची संख्या वर्षाला दोन ते तीन हजार भरे. फॉक्सग्लव्हची परीक्षा प्रथम झाली ती या लोकांवर. येथें एक गोष्ट झांकून ठेवतां येत नाहीं. श्रीमंतावर करून पाहण्याची छाती होणार नाहीं असा प्रयोग दारिद्र्यानें दाराशीं आणलेल्या माणसांवर झाला, आणि आरंभीं मात्रा फार मोठ्या दिल्या गेल्या. आज अशा प्रयोगास कोणतेंहि रुग्णालय परवानगी देणार नाहीं. विदरिंगच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं आपली ही चूक त्यानें स्वतःच छापून ठेवली.

त्याच्या पुस्तकांतील पहिलाच रोगी पाहावा. सुमारें पन्नास वर्षांचा मनुष्य. पूर्वीं घरें बांधण्याचा धंदा करणारा, आतां हलाखींत आलेला. तारीख ८ डिसेंबर १७७५. दम्याची तक्रार, चेहरा ओढलेला, पोट मोठें व त्यांत पाणी हालल्याचें स्पष्ट कळत होतें, लघवी अगदीं थोडी. विदरिंगनें ताज्या पानांचा काढा दिला. त्यानें मनुष्याला भयंकर मळमळ सुटली. ती राहून राहून कित्येक दिवस टिकली. पण त्याच दिवसांत लघवी भरपूर झाली, श्वास सुधारला, पोट उतरलें, आणि दहा दिवसांत तो आवडीनें जेवूं लागला. दुसरा कोणी असता तर त्यानें एवढ्यावर विजयाची तुतारी फुंकली असती. विदरिंगला मात्र त्या मळमळीचें कोडें पडलें. वांत्या झाल्याशिवाय लघवी सुटणार नाहीं काय? मात्रा कमी करीत करीत त्यानें पाहिलें, आणि आढळून आलें तें अपेक्षेच्या उलट: वांत्यांचा आणि गुणाचा कांहींच संबंध नव्हता. म्हातारीच्या काळापासून ज्याला औषधाचें काम समजत होते, तें नुसतें विषाचें लक्षण होतें.

मग त्यानें औषधाचें रूप निश्चित केलें. मुळीचा जोर ऋतूप्रमाणें बदलतो म्हणून मुळी सोडली व पान घेतलें. पानांचा जोरहि सारखा राहावा म्हणून फुलोऱ्याच्या वेळींच तीं तोडावयाचीं, वाळवून पूड करावयाची. मोठ्या माणसास एक ते तीन ग्रेन पूड दिवसांतून दोनदां. एक ग्रेन म्हणजे सुमारें अर्धी गुंज. एवढ्याशा पुडीवर रोग्याचें जीवित अवलंबून असे. मात्रा अधिक झाली तर काय होतें, हेंहि त्यानें बारकाईनें लिहिलें आहे: ओकाऱ्या, घेरी, वस्तु हिरव्या-पिवळ्या दिसणें, आणि नाडी मंदावत मंदावत मिनिटाला ३५ पर्यंत उतरणें. त्यावरून त्यानें नियम बसविला तो असा. औषध चालू ठेवावें; परंतु लघवी, पोट, नाडी किंवा कोठा यांपैकीं कोणत्याहि एकावर परिणाम दिसूं लागतांच तत्काळ थांबवावें. हा नियम आज अगदीं साधा वाटतो. पण जोराचें औषध म्हणजे चांगलें औषध, हा ज्या काळचा सर्वमान्य समज होता, त्या काळीं बरें वाटूं लागलें असतां हात आखडता घ्या असें सांगणें ही मोठी धिटाई होती.

१७७६ च्या जुलैमध्यें डार्विननें एका रोगिणीसाठीं विदरिंगला बोलावलें. बाई चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. श्वास कोंडलेला, नाडी क्षीण व अनियमित, हात शिशाच्या रंगाचे व थंडगार, पाय व मांड्या सुजलेल्या. लघवी एका वेळीं चमचाभर, तीहि क्वचित. डार्विनचे सर्व उपाय संपले होते. विदरिंगनें फॉक्सग्लव्ह सुचविला. पहिल्या चोवीस तासांत बाईंना आठ क्वार्टांहून अधिक, म्हणजे नऊ लिटरांच्या घरांत लघवी झाली, आणि त्या वांचल्या. पुढें १७८० सालीं डार्विननें आपल्या दिवंगत मुलाचा निबंध छापला. त्याला फॉक्सग्लव्हनें बरे झालेल्या रोग्यांच्या हकीकती जोडल्या. त्यांत ही बाई आहे, विदरिंगचें नांव नाहीं. दोघे एकाच विद्वन्मंडळांत ऊठबस करणारे. या प्रकरणानें त्यांचें कायमचें बिनसलें. डार्विन हा मोठ्या बुद्धीचा पुरुष होता यांत शंका नाहीं, पण या ठिकाणीं त्याची वागणूक त्याच्या बुद्धीला शोभणारी नव्हती.

इकडे औषधाची वार्ता औषधाच्या मात्रेपेक्षां वेगानें पसरत होती. १७८३ सालीं एडिंबरोच्या अधिकृत औषधसूचींत फॉक्सग्लव्हचा समावेश झाला. झाड सर्वत्र मिळणारें, उतारा सर्वांच्या तोंडीं, आणि प्रमाण कोणासच ठाऊक नाहीं! मोठ्या मात्रा देऊन माणसें मारलीं जातील, किंवा घातक म्हणून औषधच टाकून दिलें जाईल, अशी विदरिंगला धास्ती वाटूं लागली. म्हणून अनुभव अजून अपुरा आहे असें वाटत असतांहि त्यानें लेखणी हातीं घेतली. १७८५ च्या पुस्तकांत दीडशेंहून अधिक रोगी आहेत. निवडक यशस्वी रोगी छापले असते तर पुस्तक अधिक चमकदार झालें असतें, हें तो स्वतःच सांगतो. पण त्यानें बरे झालेले, न झालेले, औषध चुकीनें दिलेले, सर्व रोगी क्रमानें मांडले आहेत.

तेव्हां जॉन्सनच्या मृत्यूचा कांहीं दोष त्याच्याकडे जातो काय? १७८० सालीं त्यानें पुस्तक काढलें असतें तर कदाचित् एखाद्या लंडनच्या वैद्यानें कोशकाराला तें पान दिलें असतें, आणि त्याला एखादें वर्ष अधिक मिळालें असतें. पण ज्यांना मात्रेवांचून औषध मिळालें, त्यांची मोजदाद या हिशेबांत धरली पाहिजे. अर्धवट ज्ञान घाईनें वांटण्यापेक्षां तें पुरें करीत बसणें त्याला योग्य वाटलें, आणि सर्व बाजू पाहतां त्याचा निर्णय बरोबर होता असेंच म्हणावें लागतें. जरी बिचाऱ्या जॉन्सनला त्याची किंमत पडली असण्याचा संभव आहे.

हें खरें कीं आपलें औषध कशावर चालतें तें विदरिंगला पुरतें उमगलें नाहीं. हृदयाच्या गतीवर त्याची विलक्षण सत्ता चालते हें त्यानें लिहिलें, आणि तिचा रोग्याच्या हितासाठीं उपयोग करतां येईल हेंहि लिहिलें. पण त्याच्या दृष्टीनें तें मुख्यतः लघवीचें औषधच राहिलें. तरी डोळा असा तीक्ष्ण, कीं धट्टेकट्टे, लालबुंद, टणक नाडीचे रोगी या औषधाला दाद देत नाहींत, आणि फिकट, क्षीण व अडखळत्या नाडीचे रोगी चटकन सुधारतात, हें त्यानें बरोबर टिपलें. तो स्वतः छातीच्या रोगानें झिजत होता. हिंवाळा सुसह्य व्हावा म्हणून तो पोर्तुगालपर्यंत जाऊन आला. पण १७९९ च्या ६ ऑक्टोबरला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. इंग्रजींत त्याच्या आडनांवाचा अर्थ कोमेजणारा असा होतो, आणि त्यावर कोटी करण्याचा मोह त्याच्या मित्रांनाहि आवरला नाहीं. एजबॅस्टनच्या जुन्या देवळांतील त्याच्या स्मारकावर फॉक्सग्लव्हचें झुडूप कोरलेलें आहे.

त्याच्या पश्चात् व्हावयाचें तेंच झालें. पान राहिलें, नियम विसरला गेला. क्षयावर, तापावर, वेडावर, मिळेल त्या रोगावर डिजिटॅलिस मोठ्या मात्रेंत देऊं लागले, आणि त्याचें नांव बद्द झालें. सुजलेल्या पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी गाळण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसहि चालू होता. बर्नली या गिरण्यांच्या गांवीं साधी वैद्यकी करणाऱ्या जेम्स मॅकेंझी यानें मनगटाच्या व मानेच्या नाड्या कागदावर उतरविणारें शाईचें यंत्र बनविलें, आणि विदरिंगनें ज्या अडखळत्या नाडीविषयीं लिहिलें होतें तिचा उलगडा होऊं लागला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पार बिघडून ते नुसते थरथरतात, आणि त्यामुळें खालचे कप्पे बेताल धांवूं लागतात. ही स्थिति टॉमस लुइस यानें १९०९ सालीं विद्युत्-आलेखाच्या साहाय्यानें सिद्ध केली. धांवणाऱ्या हृदयाला लगाम घालण्याचें काम डिजिटॅलिस उत्तम करतें. पानांतील शुद्ध सत्त्व 'डिगॉक्सिन' हें १९३० सालीं इंग्लंडांत वेगळें काढण्यांत आलें. तें लोकरी पानांच्या दुसऱ्या जातीच्या फॉक्सग्लव्हमधून. हृदयाच्या पेशींतील सोडियम बाहेर टाकणारा पंप हें औषध रोखतें, त्यामुळें पेशींत कॅल्शियम वाढतें व स्नायु अधिक जोरानें आकुंचन पावतो, हें समजण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं.

पाणी उतरविण्याचा मार्ग दरम्यान दुसरीकडूनच निघाला. १९१९ सालीं व्हिएन्ना येथें उपदंशावर पाऱ्याचें एक इंजेक्शन दिलें असतां रोगिणीला अतोनात लघवी झाल्याचें एका विद्यार्थ्याच्या ध्यानीं आलें. पुष्कळ वर्षें हा पाराच हृदयाच्या रोग्यांना टोचीत. १९५० नंतर थायझाइडाच्या आणि १९६० नंतर फ्युरोसेमाइडाच्या गोळ्या आल्या, तेव्हां कोठें तो सुटला.

पाणी उतरलें, धाप कमी झाली, तरी आयुष्य वाढतें काय, हा प्रश्न मात्र १९८७ पर्यंत अनुत्तरित होता. त्या वर्षीं नॉर्वे, स्वीडन व फिनलंड येथील २५३ रोग्यांच्या पाहणीचा निकाल प्रसिद्ध झाला. रोगी अंथरुणास खिळण्याच्या बेतांतले, सरासरी वय सत्तरीच्या पुढचें. नेहमींच्या औषधांवर असलेल्यांपैकीं सहा महिन्यांत शेंकडा ४४ दगावले. ज्यांना त्याशिवाय एनालाप्रिल दिलें त्यांच्यांत शेंकडा २६. या वर्गांतील पहिली गोळी ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासांतून निघाली होती, म्हणजे येथेंहि आरंभ विषापासूनच. पुढें बीटा-ब्लॉकर व स्पायरोनोलॅक्टोन यांची भर पडली. आणि सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं काढलेल्या एका कडू द्रव्याच्या वंशांतील मधुमेहाचीं औषधें २०१९ पासून हृदयालाहि उपकारक ठरलीं. हृदय आकुंचनांत कमी न पडतां ताठर होऊन नीट सैल पडत नाहीं, हा प्रकार म्हाताऱ्या माणसांत, त्यांतहि स्त्रियांत, फार आढळतो. त्यावर बराच काळ फारसा उपाय नव्हता. सरासरी बहात्तर वर्षें वयाच्या रोग्यांच्या २०२१ च्या पाहणींत याच शेवटच्या औषधांनीं तेथेंहि थोडा आधार दिला.

खुद्द डिजिटॅलिसचा न्याय १९९७ सालीं झाला. ६,८०० रोग्यांच्या पाहणींत डिगॉक्सिननें मृत्यूंची संख्या घटली नाहीं. रुग्णालयांत भरती होण्याचे प्रसंग मात्र कमी झाले. झालें, जुनें पान आतां अडगळींत टाकावें, असें पुष्कळांना वाटलें. परंतु २००३ सालीं त्यांतल्याच पुरुष रोग्यांचे आंकडे पुन्हां तपासले असतां निराळेंच दिसलें. ज्यांच्या रक्तांत मिलिलिटरमागें ०.५ ते ०.८ नॅनोग्रॅम एवढेंच औषध होतें, त्यांच्यांत मृत्यू कमी होते. ज्यांच्या रक्तांत १.२ च्या वर गेलें, त्यांच्यांत अधिक. २०२५ सालीं मुख्यतः जर्मनींत झालेल्या बाराशेंच्या वर रोग्यांच्या पाहणींत डिजिटॉक्सिन या त्याच कुळांतील सत्त्वानें मृत्यू व भरती मिळून होणारें नुकसान कमी केलें. दोन शतकांनंतर प्रश्न पुन्हां मात्रेवरच येऊन थांबला.

म्हातारपणीं तर हा प्रश्न अधिकच नाजूक. डिगॉक्सिन शरीराबाहेर जातें तें बहुतेक मूत्रपिंडांवाटें, आणि वयाबरोबर मूत्रपिंडांचें बळ घटतें. म्हणून चाळिशींत मानवणारी गोळी ऐंशींत विष होऊं शकते. अन्नावरची वासना उडणें, मळमळणें, पिवळें दिसणें, मन गोंधळणें, हें सारें विदरिंगच्या यादीला धरून. पण घरांत त्याला वयाचें नांव मिळतें. मूळ आजाराचेंहि तेंच होतें. आजोबांना जिना चढवत नाहीं, रात्रीं दोनच्या ऐवजीं तीन उशा लागतात, संध्याकाळीं वहाणा घट्ट होतात. घरचीं माणसें म्हणतात, वय झालें, चालायचेंच. वस्तुतः त्या तीन उशा हीच वैद्याच्या दृष्टीनें मोठी बातमी असते. रोज सकाळीं लघवी करून आल्यावर वजन घ्यावें, आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलें तर वैद्याला कळवावें, असें आतां अशा रोग्यांना सांगतात. काट्यावर वाढलेलें तें वजन मांसाचें नसतें, पाण्याचें असतें.

राहतां राहिली ती श्रॉपशायरची म्हातारी. विदरिंगनें रोग्यांचीं वयें लिहिलीं, मात्रा लिहिल्या, नाडीचे ठोके लिहिले. तिचें नांव लिहिलें नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील एका औषध कंपनीनें जाहिरातीसाठीं चित्र काढविलें. त्यांत ती बाई आहे, समोर विदरिंग आहे, आणि तिला 'मदर हटन' असें नांव दिलें आहे. चित्र लोकांना आवडलें. तें नांव जाहिरातींतून व्याख्यानांत आणि व्याख्यानांतून वैद्यकाच्या पुस्तकांत शिरलें, तिच्या चतुराईच्या गोष्टी रचल्या गेल्या. विदरिंगच्या ग्रंथाला दोनशें वर्षें झालीं त्या १९८५ सालीं एका हृदयवैद्यानें मूळ कागद चाळून दाखवून दिलें कीं हें नांव त्या जाहिरातीपूर्वीं कोठेंहि आलेलें नाहीं, आणि विदरिंगपुढें आला होता तो केवळ नुसखा; त्या म्हातारीची व त्याची गांठ पडल्याचें त्याच्या पुस्तकांत कोठेंच नाहीं.